पत्ता आणि जागा : वेब सर्व्हरच्या वाटा आखताना

(पिंपळगाव राजा, ता. खामगाव, जि. बुलढाणा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न व त्यांची उत्तरे.)



फळ्यावरचा विषय वाचून दोन-तीन जणांनी मला दारातच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे सर्व्हर-बिर्व्हर कुठून काढलं?" प्रश्न रास्त आहे. नोकरीत असेपर्यंत मी कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका टाइप करण्यापलीकडे काही केलं नाही. निवृत्तीनंतर हा नाद लागला. आणि या विषयावर बोलावंसं वाटलं, त्याचं कारण माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून गावातल्या मुलामुलींना छोटी शिष्यवृत्ती देतो. तिची एक साधी वेबसाइट मी केली. लिनक्सचं एक भाड्याचं मशीन घेतलं, त्यावर अपाचे नावाचा वेब सर्व्हर बसवला. निवड झालेल्या मुलांची यादी साइटवर टाकली. आणि आलेले अर्ज, म्हणजे नाव, पत्ता, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, हे सगळं स्कॅन करून त्याच मशीनवर 'अर्ज' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं. साइटच्या फोल्डरच्या आतच. माझा हिशेब असा, की साइटच्या एकाही पानावर त्या फोल्डरची लिंक नाही, मग ते कोणाला दिसणार?

एका संध्याकाळी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "सर, माह्या पोरीचं पासबुक नेटवर दिसून राहिलं."

झालं होतं असं. मुलीच्या भावाने यादीचं पान उघडलं आणि सहज म्हणून पत्त्याच्या शेवटचा भाग खोडून पाहिला. सर्व्हरने त्याला त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची यादी काढून दिली. त्यात 'अर्ज' होतं. त्याने त्यावर बोट ठेवलं. संपलं. कुणी हॅकर नाही, कुणी कुलूप तोडलं नाही. दार मीच उघडं ठेवलं होतं आणि वर पाटीही लावली होती.

त्या रात्री मी मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन माफी मागितली. आणि मग शिकायला बसलो. जे शिकलो त्यातली मुख्य गोष्ट आज एका वाक्यात सांगता येईल : पत्ता वेगळा, जागा वेगळी, आणि त्या दोघांमधला करार आपण लिहायचा असतो. आपण लिहिला नाही, तर सर्व्हर आपला स्वतःचा करार लावतो.

आता हे सावकाश पाहू.

कोणतं पिंपळगाव?

खामगावच्या एसटी स्टँडवर जाऊन "पिंपळगावची गाडी कुठं लागते?" असं विचारलं, तर कोणीही आपल्या गावाची गाडी दाखवील. हाच प्रश्न नाशिकला विचारा, तुम्ही पिंपळगाव बसवंतला पोचाल. जळगाव जामोदला विचारा, पिंपळगाव काळेला जाल. शब्द एकच, पण अर्थ तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतो.

युनिक्समध्ये अशा पत्त्याला सापेक्ष पाथ म्हणतात. आणि 'महाराष्ट्र, जिल्हा बुलढाणा, तालुका खामगाव, पिंपळगाव राजा' असा वरून खाली सांगितलेला पत्ता म्हणजे निरपेक्ष पाथ. तो कुठूनही उच्चारला तरी एकाच ठिकाणी नेतो.

युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या कामातून सुरू झाली. लिनक्स ही तिच्याच वळणावर घडलेली. तिची एक मोठी सोय अशी, की संपूर्ण मशीनचं मिळून एकच झाड असतं. विंडोजसारखे सी, डी, ई असे वेगवेगळे वाडे नाहीत. सगळ्यात वर एक तिरकी रेघ, '/', तिला रूट म्हणायचं. तिच्याखाली फांद्या. दुसरी डिस्क जोडली तरी ती याच झाडाला कुठेतरी फांदी म्हणून लागते.

काही फांद्यांची कामं रूढीने ठरलेली आहेत. '/ईटीसी' मध्ये कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगच्या फाइली. '/व्हार' मध्ये सतत बदलणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ लॉग. '/होम' मध्ये माणसांची घरं. '/एसआरव्ही' मध्ये हे मशीन बाहेरच्यांना जे पुरवतं ते. मी इथे उच्चार सांगतोय, बरं का. टाइप करताना हे रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायचं.

पहिला नियम इथेच लिहून घ्या. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पाथ नेहमी रूटपासून पूर्ण लिहा. अर्धा लिहिला, तर अपाचे तो 'सर्व्हररूट' नावाच्या जागेपासून मोजतो. डेबियन किंवा उबुंटूवर ती जागा म्हणजे '/ईटीसी/अपाचे२'. तुम्हाला वाटतं सर्व्हर तुमच्या घरात शोधतोय, आणि तो शोधतोय कचेरीच्या कपाटात. नाशिकला उभं राहून "पिंपळगाव" म्हटल्यासारखं.

दोन झाडं

आता खरा मुद्दा. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण घेतो, पिन कोडचं.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. आपले मराठी माणूस, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि संस्कृतचे कवीसुद्धा. एकसारख्या नावांची गावं, वेगवेगळ्या लिपी, वेगवेगळी स्पेलिंगं यांतून पत्र नीट कसं जावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर म्हणून सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयाचे. वरून खाली उतरत जाणारा पाथच आहे तो.

पण एक गंमत पाहा. बुलढाणा शहराचा पिन ४४३००१. अकोल्याचा ४४४००१. आणि आपलं खामगाव? ४४४३०३. महसुलाच्या झाडात खामगाव बुलढाण्याखाली, आणि टपालाच्या झाडात ते अकोल्याच्या फांदीवर! सातबारा काढायचा तर एक झाड, पत्र टाकायचं तर दुसरं. गाव तेच, जागचं हललेलं नाही. दोन्ही झाडं आपापल्या कामासाठी बरोबर आहेत. कुठेतरी टपाल खात्याकडे एक तक्ता आहे, की हा आकडा म्हणजे हे गाव.

वेब सर्व्हरचं तंतोतंत असंच आहे. एक झाड पत्त्यांचं, ब्राउझरमध्ये डोमेनच्या नावानंतर तिरक्या रेघांनी लिहिलेलं. दुसरं झाड जागांचं, मशीनच्या डिस्कवर. बघायला दोन्ही सारखी दिसतात, कारण दोन्हीकडे तीच तिरकी रेघ. म्हणून नवशिक्याला वाटतं की हे एकच आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पत्त्यातली पहिली तिरकी रेघ म्हणजे डिस्कचा रूट नव्हे, ती साइटचा उंबरठा आहे.

या दोन झाडांना जोडणारा तक्ता म्हणजे कॉन्फिगरेशन. त्यातल्या दोन सूचना महत्त्वाच्या.

पहिली 'डॉक्युमेंटरूट'. साइटचा उंबरठा डिस्कवर नेमका कुठे, ते ही सांगते. समजा मी लिहिलं, की डॉक्युमेंटरूट म्हणजे '/एसआरव्ही/शिष्यवृत्ती/जाहीर'. आता कोणी '/निकाल/यादी' असा पत्ता मागितला, की सर्व्हर तो या जागेच्या शेवटी जोडतो आणि '/एसआरव्ही/शिष्यवृत्ती/जाहीर/निकाल/यादी' ही फाइल शोधतो. डॉक्युमेंटरूटच्या शेवटी तिरकी रेघ द्यायची नाही, अशी अपाचेची शिस्त आहे.

दुसरी 'अलायस', म्हणजे टोपणनाव. ती म्हणते, पत्ता '/फोटो' ने सुरू झाला तर डॉक्युमेंटरूटमध्ये शोधू नकोस, थेट '/एसआरव्ही/छायाचित्रे' इथे जा. गाव बुलढाण्याचं, पण टपाल अकोल्याकडून. तसं.

हे अंतर किती वाढू शकतं, याचं उदाहरण तुम्ही रोज वापरता. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथल्या प्रत्येक लेखाच्या पत्त्यात '/विकी/' येतं आणि पुढे लेखाचं नाव. सर्व्हरवर 'विकी' नावाच्या फोल्डरमध्ये लेखांच्या फाइली रचून ठेवल्यात का? अजिबात नाही. लेख डेटाबेसमध्ये असतात. तो पत्ता एका प्रोग्रामकडे जातो आणि प्रोग्राम पान तयार करून देतो. म्हणजे पत्ता आहे आणि त्या नावाची जागाच नाही. तरी वाचकाचं काही अडत नाही, कारण करार नीट लिहिलेला आहे.

वाड्याची दारं

करार लिहिला, फाइल जागेवर आहे, तरी सर्व्हर म्हणतो "मनाई". हा अनुभव प्रत्येकाला येतो. का येतो?

वेब सर्व्हर हा मशीनवर एक सामान्य वापरकर्ता म्हणून वावरतो. डेबियनवर त्याचं नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. आपल्याकडच्या जुन्या वाड्याची कल्पना करा. दिंडी दरवाजा, ढाळज, चौक, ओसरी, माजघर. माजघरातली वस्तू आणायची तर माजघराचं दार उघडं असून भागत नाही. वाटेतलं प्रत्येक दार उघडं लागतं. युनिक्समध्येही पाथमधल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची परवानगी सर्व्हरला हवी. एका ठिकाणी दार लागलेलं असलं, की संपलं.

फोल्डरला तीन प्रकारच्या परवानग्या असतात. वाचणे, म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी पाहणे. त्याचे गुण ४. लिहिणे, म्हणजे आत वस्तू ठेवणे-काढणे. त्याचे २. आणि पार जाणे, त्याचा १. मालक, गट आणि बाकीचे अशा तिघांसाठी तीन आकडे. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, इतरांना पाहणे आणि पार जाणे. ७११ म्हणजे इतरांना फक्त पार जाता येतं, यादी पाहता येत नाही. पाहणं आणि पार जाणं वेगळं, ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा. शेजाऱ्याला तुमच्या ओसरीवरून मागच्या विहिरीकडे जाऊ देणं वेगळं, आणि घरातलं सामान मोजू देणं वेगळं.

साध्या साइटसाठी फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ पुरतं. "मनाई" दिसली की वैतागून सगळीकडे ७७७ करणारे लोक मी पाहिलेत. मीही केलंय. ते म्हणजे एक दार अडकलं म्हणून वाड्याची सगळी दारं बिजागरीतून काढून टाकण्यासारखं आहे. त्यापेक्षा लिनक्सवर 'नेमआय' नावाची आज्ञा आहे. तिला 'एल' हा पर्याय आणि पूर्ण पाथ दिला, की ती रूटपासून एकेका दाराची स्थिती ओळीने दाखवते. अडलेलं दार कळतं, तेवढंच उघडायचं.

आधी सगळं बंद

आता दुसरी राखण. युनिक्सच्या परवानग्या एक, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमधली मनाई दुसरी. दोन्ही जिथे हो म्हणतील, तिथेच फाइल बाहेर जाते.

अपाचेमध्ये 'डिरेक्टरी' नावाचा गट लिहून एखाद्या जागेचे नियम सांगतात. शहाणा क्रम असा : सगळ्यात आधी रूटसाठी लिहायचं, 'रिक्वायर ऑल डिनाइड', सगळ्यांना मनाई. म्हणजे पूर्ण झाड बंद. मग फक्त तुमच्या जाहीर फोल्डरसाठी लिहायचं, 'रिक्वायर ऑल ग्रँटेड', सगळ्यांना मुभा. डेबियनच्या तयार फाइलीत रूट आधीच बंद असतं. '/व्हार' मधली नेहमीची जागा उघडी असते, '/एसआरव्ही' नसते. म्हणून साइट '/एसआरव्ही' मध्ये हलवली की लगेच "मनाई" दिसते. ते बिघडलेलं नाही, ते राखण करतंय. तिथे आपण परवानगी लिहायची.

याचं महत्त्व जगाला २०२१ मध्ये कळलं. त्या सप्टेंबरात आलेल्या अपाचेच्या २.४.४९ या आवृत्तीत एक चूक होती. पाथमध्ये दोन टिंबं म्हणजे 'एक पायरी वर'. पत्त्यात अशी टिंबं घालून कोणी उंबरठ्याबाहेर चढू नये, म्हणून सर्व्हर ती तपासतो. पण तीच टिंबं टक्केवारीच्या सांकेतिक रूपात लिहिली, की त्या आवृत्तीची तपासणी चुकायची, आणि बाहेरचा माणूस डॉक्युमेंटरूटच्या बाहेर पोचू शकायचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला २.४.५० आली, ती अपुरी ठरली, आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. पण ज्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये पूर्ण झाडाला मनाई लिहिलेली होती, त्यांच्या बाहेरच्या फाइली या वाटेने वाचता आल्या नाहीत. एक दार फसलं, दुसरं उभं राहिलं.

आणि आता माझी चूक. 'ऑप्शन्स' या सूचनेत 'इंडेक्सेस' चालू असलं, आणि फोल्डरमध्ये मुख्य पान नसलं, तर सर्व्हर त्या फोल्डरची यादी स्वतः बनवून देतो. अनेक तयार कॉन्फिगरेशनांमध्ये हे चालू असतं. 'इंडेक्सेस'च्या आधी वजा चिन्ह दिलं की यादी बंद. मी ते दिलं नव्हतं. पण नुसती यादी बंद केली असती तरी ते पुरेसं नव्हतं. फाइलीचं नाव कोणी अंदाजाने टाइप केलं असतं, तर ती मिळालीच असती. ज्या गोष्टीला जाहीर पत्ता असूच नये, ती डॉक्युमेंटरूटच्या आत ठेवायची नाही. आज माझी रचना अशी आहे : '/एसआरव्ही/शिष्यवृत्ती' याखाली दोन भावंडं, 'जाहीर' आणि 'अर्ज'. उंबरठा 'जाहीर'वर. 'अर्ज'ची परवानगी ७००, फक्त मालकाला. सर्व्हरला त्या खोलीचं दारच उघडत नाही.

कुलूप नावाला की वस्तूला?

इथे थोडं तत्त्वज्ञान करू द्या, सवय आहे.

पहाटे पूर्वेला दिसणारा तेजस्वी तारा आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा तेजस्वी तारा. दोन नावं, पण वस्तू एकच, शुक्र. गॉटलोब फ्रेग या जर्मन तत्त्वज्ञाने १८९२ मध्ये या उदाहरणावरून नावाचा आशय आणि नावाने दर्शवलेली वस्तू यांत फरक केला. वर्गात हे शिकवताना मुलं जांभया द्यायची. सर्व्हरवर मात्र त्याची किंमत रोख मोजावी लागते.

अपाचेमध्ये मनाई दोन तऱ्हांनी लिहिता येते. 'लोकेशन' गटात, म्हणजे पत्त्यावर. किंवा 'डिरेक्टरी' गटात, म्हणजे जागेवर. समजा 'पहाटेचा तारा' या पत्त्याला तुम्ही कुलूप लावलं. पण त्याच फोल्डरकडे एखाद्या अलायसने 'संध्याकाळचा तारा' नावाचा पत्ताही जात असला, तर माणूस त्या वाटेने आरामात आत जाईल. म्हणून फाइल राखायची असेल तर कुलूप जागेला लावा. डेटाबेसमधून तयार होणाऱ्या पानांना जागाच नसते, तिथे पत्त्यावर लावणं भाग आहे.

सिमलिंक नावाचा एक प्रकार असतो, म्हणजे एका फोल्डरमध्ये ठेवलेली दुसरीकडची खूणचिठ्ठी. तोही असाच दुसरं नाव निर्माण करतो. सर्व्हरला अशा चिठ्ठ्यांमागे जाऊ द्यायचं की नाही, हे 'फॉलोसिमलिंक्स' ठरवतं. सोय म्हणून केलेली चिठ्ठी कधी कधी माजघरात नेते.

एंजिनएक्स हा दुसरा सर्व्हर वापरणाऱ्यांनीही जपावं. तिथे 'रूट' ही सूचना पूर्ण पत्ता जागेच्या शेवटी जोडते, आणि 'अलायस' ही जुळलेला भाग काढून त्या जागी नवीन बसवते. अलायसच्या जागेच्या शेवटी तिरकी रेघ दिली आणि वरच्या पत्त्याला द्यायची विसरली, तर दोन टिंबांनी एक पायरी वर चढायची फट राहते. एका रेघेचा फरक!

देवनागरी नावं

युनिक्सवर फाइलीचं नाव मराठीत ठेवता येतं का? येतं. पण तीन गोष्टी.

एक, पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी प्रवास करत नाही. 'अर्ज' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने चार खुणा आहेत : अ, र, पाय मोडल्याची खूण आणि ज. प्रत्येकीला तीन बाइट, म्हणजे बारा. आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. 'अर्ज'ची झाली ३६ अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी लेखाची लिंक अशी लांबलचक का दिसते, ते आता कळलं असेल.

दोन, डोळ्यांना एक दिसणारे शब्द मशीनला एक नसतात. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र कुणी एका खुणेने टाइप करतो, कुणी र आणि नुक्ता जोडून, कुणी अदृश्य जोडखूण घालून. लिनक्स बाइट मोजतं. त्याच्या लेखी ही वेगवेगळी नावं. फाइल समोर दिसते आणि सर्व्हर म्हणतो "नाही".

तीन, रोमन लिपीत लहान-मोठी अक्षरं असतात, आपल्याकडे नसतात, म्हणून आपलं तिकडे लक्ष जात नाही. विंडोजवर मोठ्या 'पी'चा आणि लहान 'पी'चा फोटो सहसा एकच धरला जातो. लिनक्सवर ते दोन. घरच्या कॉम्प्युटरवर चाललेली साइट सर्व्हरवर गेली की अर्धे फोटो गायब होतात, ते यामुळे.

माझा सल्ला : पानाचा मजकूर भरपूर मराठी ठेवा, फाइलीचं नाव छोटं, लहान रोमन अक्षरांत.

"नाही" आणि "आहे, पण तुला नाही"

सर्व्हरची दोन उत्तरं तुम्ही पाहिली असतील. ४०४ आणि ४०३. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही सापडलं नाही. ४०३ म्हणजे मागणी समजली, पण मनाई.

आपल्या वैशेषिकांनी पुढे अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. 'जमिनीवर घट नाही' असं म्हणायचं, तर आधी जमीन दिसली पाहिजे. कुठे नाही, हे सांगितल्याशिवाय नुसत्या 'नाही'ला अर्थ नाही. ४०४ आलं की हाच प्रश्न विचारा : सर्व्हरने नेमकी कुठली जमीन पाहिली? त्याचं उत्तर, लॉगची पातळी 'इन्फो'पर्यंत वाढवली असेल तर, लॉगमध्ये मिळतं. डेबियनवर '/व्हार/लॉग/अपाचे२' इथे 'एरर' नावाची फाइल. ४०३ असेल तर ती फाइल हेही सांगते की कॉन्फिगरेशनने अडवलं, की पाथमधल्या एखाद्या फोल्डरातून पार जायची परवानगी नव्हती. दोन्हींचा इलाज वेगळा. अंदाजाने ७७७ करण्याआधी ती ओळ वाचा.

आणि बदल केल्यावर 'अपाचेसीटीएल' या आज्ञेला 'कॉन्फिगटेस्ट' सांगा. ती "सिंटॅक्स ओके" म्हणाली, मगच सर्व्हरला नवीन फाइल वाचायला लावा. पण एवढ्यावर हुरळू नका. सिंटॅक्स ओके म्हणजे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. ते खरं आहे असं नाही. माझं जुनं कॉन्फिगरेशनही व्याकरणाने निर्दोष होतं.

पत्ता मोडू नका

शेवटची गोष्ट. १९९५ मध्ये बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई झालं. पण तिथल्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४००००१ तोच राहिला. पत्रं अडली नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच आग्रह धरला होता, की पत्ते टिकले पाहिजेत. जागा आणि पत्ता वेगळे ठेवण्याचा हा मोठा फायदा. फाइली खुशाल हलवा, अलायस बदला, बाहेरच्याला कळतही नाही. पत्ता बदलावाच लागला, तर ३०१ चं वळण लिहून ठेवा. म्हणजे सर्व्हर जुन्या पत्त्यावर आलेल्याला सांगतो, की बिऱ्हाड कायमचं तिकडे हललंय.

प्रश्नोत्तरे

*एक श्रोता :* सर, आमचं मशीन सोतंत्र नाही. कंपनीचं पॅनल हाये. त्यात हे सगळं कसं करावं?

चांगला प्रश्न. अशा भाड्याच्या जागेत बहुतेक वेळा तुमच्या घरफोल्डरात 'पब्लिक-एचटीएमएल' नावाचा फोल्डर असतो. तो तुमचा उंबरठा. त्याच्या आत जे जाईल ते जाहीर समजा. खासगी कागद त्याच्या बाहेर ठेवा, आणि पॅनलमध्ये फोल्डरची यादी बंद करण्याची सोय असते ती वापरा. बॅकअपच्या झिप फाइली लोक तिथेच विसरतात, त्या आधी काढा.

*एक विद्यार्थिनी :* आता सगळं क्लाउडवर असतं. तिथे फोल्डरच नसतात म्हणे. मग हे लागू पडतं का?

अगदी. क्लाउडच्या वस्तुसाठ्यात बऱ्याचदा खरे फोल्डर नसतात, नावातच तिरक्या रेघा असतात. म्हणजे तिथे पत्ता आणि जागा यांचं नातं आणखी सैल. त्यामुळे 'हे कोणाला दिसणार' हा करार आणखी स्पष्ट लिहावा लागतो. प्रश्न तोच राहतो.

*एक श्रोता :* सर, पण आपली साइट उघडी पडली हाये का नाही, हे आमाले कसं समजन?

त्यासाठी कोर्स नको. घरी जा. तुमच्या शाळेची, सोसायटीची, दुकानाची जी साइट तुम्ही स्वतः सांभाळता, तिचं एक आतलं पान उघडा. पत्त्याच्या शेवटचा तुकडा खोडा आणि एंटर दाबा. मग त्याच्या आधीचा खोडा. त्या पोराने जे केलं तेच. फाइलींची यादी दिसली, तर आज रात्री झोपण्याआधी ती बंद करा, आणि आत कोणाचे कागद आहेत ते पाहा. ते कागद आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.